पाण्याला कोपऱ्यापर्यंत पोचवणारे युसुफभाई

युसुफभाई पत्रेवाल्यांची आणि माझी पहिली भेट फारशी चांगली झाली नाही. कसबा पेठेतल्या त्यांच्या दुकानात मी वहीत लिहून नेलेले अकरा प्रश्न घेऊन गेले होते आणि पहिल्याच प्रश्नानंतर त्यांनी मला परत पाठवले. त्यांच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात त्यांना चाळीस-पन्नास वर्षे ओळखणारी माणसे लिहिणार आहेत. माझी ओळख सहा पावसाळ्यांची. त्यामुळे जे मी स्वतः पाहिले तेवढेच लिहिते, आणि जे ऐकले ते कोणाकडून ऐकले हेही सांगते.

त्या वेळी मी सिव्हिल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला होते. आमचे घर मांजरीला, उसाच्या रानाच्या कडेला. विटांचे, मातीत बांधलेले, वर पत्रे. आजोबांनी ते बांधले आणि माझ्या वडिलांनी, म्हणजे आण्णांनी, त्यात दोन खोल्या वाढवल्या. पुढे आजूबाजूला सोसायट्या झाल्या. समोरचा रस्ता डांबराच्या प्रत्येक नव्या थराबरोबर वर चढत गेला आणि आमचे अंगण होते तिथेच राहिले. पावसाळ्यात अंगणात पाणी साचू लागले. मागच्या भिंतीला गुडघ्याएवढी ओल चढली आणि एका वर्षी तिला उभी भेग पडली. एका ठेकेदाराने पाहून सांगितले, की घर पाडून जोते उचलून नव्याने बांधा, दुसरा इलाज नाही. तो इलाज आमच्या आवाक्यातला नव्हता. आण्णांनी ठरवून टाकले, की अजून एक पावसाळा बघायचा. भेग वाढली तर जागा बिल्डरला द्यायची आणि फ्लॅटमध्ये जायचे. हे ते अगदी शांतपणे बोलले. पण त्या दिवसापासून त्यांनी अंगणातल्या शेवग्याच्या रोपाला पाणी घालणे सोडून दिले. ते घरात सगळ्यांच्या लक्षात आले होते.

आमच्या कॉलेजातल्या एका सरांनी मला युसुफभाईंचे नाव सांगितले. "कमी खर्चात घरापासून पाणी काढायचं असेल तर त्यांच्याकडे जा. बोलतील तिरकं, सांगतील सरळ," असे सर म्हणाले.

दुकान अरुंद होते. भिंतीला टेकून पत्रे उभे होते आणि वर आढ्याला तयार पन्हळी टांगलेल्या होत्या. युसुफभाई एका बुटक्या स्टुलावर बसून लाकडी मोगरीने पत्र्याची कड दुमडत होते. मी पहिला प्रश्न विचारला, "शोषखड्डा किती मोठा काढावा?"

त्यांनी मान वर केली नाही. "शेवटचा पाऊस पडला तेव्हा तुम्ही कुठं होतात?"

"घरात."

"खिडकीत, का कॉटवर?"

"खिडकीत."

"बरं. पाणी कुठून आलं?"

"रस्त्यावरून."

"दिसलं, का वाटलं?"

मी वहीकडे पाहिले. तेव्हा त्यांनी मोगरी खाली ठेवली. "मग मला काय विचारता, इंजिनीअर? छत्री घ्या, पावसात एक तास अंगणात उभ्या राहा. पाणी कुठून येतं, कुठं थांबतं, कुठं जातं ते कागदावर काढा आणि या. उरलेले दहा प्रश्न जपून ठेवा, ओले करू नका."

मी निघाले तेव्हा आतून त्यांच्या पत्नी, ज्यांना आम्ही सगळे चाची म्हणतो, बाहेर आल्या आणि मला हाताला धरून बसवून घेतले. "चहा घेऊन जा गं. मनाला लावून घेऊ नको. मला बघायला आले होते ना, तेव्हा आधी आमच्या घराचं छप्पर बघितलं त्यांनी, मग मला."

"छप्पर गळत होतं," युसुफभाई म्हणाले.

एप्रिलच्या अखेरीस वळवाची मोठी सर आली, तेव्हा मी अंगणात जाऊन उभी राहिले. आईला वाटले, अभ्यासाचा ताण झाला आहे. तासाभराने मी आत आले तेव्हा कागदावर जे होते त्यावर माझाच विश्वास बसत नव्हता. रस्त्याचे पाणी फाटकातून येत होते हे खरे, पण ते उशिरा आणि थोडे. अर्ध्याहून जास्त पाणी आमच्याच छपराचे होते. पत्र्यावरच्या पागोळ्या भिंतीच्या पायाशी एका रेषेत पडून तिथे त्यांनी लांबलचक खोबण पाडली होती. त्यात भर म्हणून आईने फुलझाडांसाठी भिंतीला लागून मातीचा वाफा केला होता, आणि त्याचा उतार घराकडे होता. इतकी वर्षे आम्ही रस्त्याला नावे ठेवत होतो.

कागद घेऊन मी पुन्हा गेले. युसुफभाईंनी तो उजेडात धरून बराच वेळ पाहिला. "आता बोला. कोणता प्रश्न राहिलाय?" मी वही उघडली. अकरांपैकी सात प्रश्नांची गरज उरली नव्हती.

युसुफभाईंच्या कामाची सगळी रीत या एका गोष्टीत आहे असे मला वाटते. त्यांचे वडील आणि आजोबा याच पेठेत पत्र्याच्या पेट्या, बादल्या आणि पन्हळी करत. युसुफभाईही तेच करत मोठे झाले. पण पन्हळ लावून घरी जाणे त्यांना पुरेसे वाटेना. पन्हळीतून पडलेले पाणी पुढे काय करते हे ते बघू लागले, आणि बघता बघता लोक त्यांना पन्हळीपेक्षा पाण्यासाठीच बोलावू लागले. त्यांचे उपाय साधे असतात. सिमेंटच्या मोठ्या कामाला हात घालण्याआधी ते भिंतीलगतची चढलेली माती उतरवायला लावतात. भिंतीपासून दहा फुटांपर्यंत अर्धा फूट उतार मिळाला, तर निम्मे दुखणे तिथेच संपते असे ते सांगतात. छपराचे पाणी पन्हळीत घ्यायचे, नळीने खाली आणायचे आणि नळीचे तोंड भिंतीपाशी न ठेवता दूर न्यायचे. जिथे उतार मिळत नाही तिथे हातभर रुंद चर काढून तो खडीने भरायचा. खडी नसेल तर विटांचे तुकडे चालतात, आणि माती आत जाऊ नये म्हणून वरून जुनी शेडनेट घालायची. शेवटी शोषखड्डा, घरापासून लांब. पन्हळीसाठीसुद्धा नवा पत्रा लागतोच असे नाही. फुटका पाण्याचा पाईप उभा चिरला की दोन पन्हळी होतात. पत्र्याच्या धंद्यातला माणूस गिऱ्हाइकाला पाईप चिरायला सांगतो, यावर पेठेतले इतर पत्रेवाले त्यांना बोलही लावतात. "मग काय करू? घर त्यांचं भिजतंय, माझं दुकान नव्हे," असे त्यांचे उत्तर असते.

आणि काम झाले की त्यांची एक गोष्ट ठरलेली असते. पुढचा मोठा पाऊस आला की ते छत्री घेऊन त्या घरी जातात आणि तिथून निघालेल्या पाण्याबरोबर चालू लागतात. ते जिथे जिरेल किंवा ओढ्या-गटाराला मिळेल, तिथपर्यंत. याला ते पाण्याला पोचवून येणे म्हणतात. नारायण पेठेतल्या एका निवृत्त मुख्याध्यापकांनी याची एक आठवण मला सांगितली. त्यांच्या तळमजल्यात दर वर्षी पाणी शिरत असे. युसुफभाईंनी गच्चीवरच्या तीन कुंड्या हलवल्या, त्यांच्यामागे पानांनी बुजलेले पाणी जायचे भोक मोकळे केले आणि खाली नळीला पत्र्याचे एक कोपर बसवले. इतकेच काम. पहिल्या पावसात तळमजला कोरडा राहिला. मुख्याध्यापक खूश होऊन चहा सांगत होते, तोवर युसुफभाई छत्री उघडून दाराबाहेर.

"अहो, पाणी गेलं ना? आता आपण कुठे निघालात?"

"पोचवायला."

"पाहुणा आहे का तो?"

"तुमच्याकडे चार-चार महिने राहिलाय. कोपऱ्यापर्यंत तरी जायला नको?"

मुख्याध्यापक मला म्हणाले, "आयुष्यभर मी मुलांना टोमणे मारले. पण त्या दिवशी मी छत्री घेतली आणि त्यांच्यामागे निघालो."

आता आमच्या घराच्या कामाबद्दल लिहिते. त्यात एक गोष्ट अशी आहे, की ती लिहावी की नाही याबद्दल मी खूप विचार केला. पण ती गाळली तर युसुफभाईंबद्दल मी लिहिलेले बाकी सगळे अर्धवट होईल.

मे महिन्यात युसुफभाई पीएमटीच्या दोन बस बदलून मांजरीला आले. खांद्यावर पाण्याच्या लेव्हलची पारदर्शक नळी गुंडाळलेली होती. त्यांनी आणि मी मिळून अंगणाची पातळी घेतली. मला सगळे पुन्हा पुन्हा मोजायची सवय आहे. लोक त्यावर हसतात. युसुफभाई कधी हसले नाहीत. "दोनदा मोजा. तिसऱ्यांदा मोजावंसं वाटलं तर चहा पिऊन मोजा," एवढेच म्हणाले. तिसऱ्यांदा मोजताना नळीत हवेचा एक बुडबुडा सापडला आणि आमचे दोन्ही आकडे चुकीचे निघाले. तेव्हा त्यांनी आईकडे पाहून, "एक चहा अजून," असे सांगितले.

फाटकातून येणाऱ्या रस्त्याच्या पाण्यावर उपाय आण्णांनी काढला. उसाच्या सरीला घालतात तसा मातीचा एक वरंबा त्यांनी फाटकाच्या आत तिरपा घातला आणि वर फरशीचे तुकडे ठोकून बसवले. युसुफभाई तो वाकून न्याहाळत राहिले. "हे मला सुचलं नसतं," ते म्हणाले. त्या वर्षात आण्णा प्रथमच मोकळे हसलेले मी पाहिले. "आमच्यात पाणी वळवायला लहानपणापासून शिकवत्यात. तुमच्यात पत्रा वळवायला," आण्णा म्हणाले.

ते खरे होते. माझेही पहिले शिक्षण शाळेत नव्हे, आण्णांच्या मागे रानात झाले. पाटाचे पाणी उसाला देणे म्हणजे आमच्याकडे दारे धरणे. सहा-सात वर्षांची असताना मी खुरपे घेऊन सरीच्या तोंडाशी बसत असे. एक सरी भरली की मातीचे दार लावायचे, पुढच्या सरीचे उघडायचे. आपले रान भिजले की उरलेले पाणी बांध फोडून शेजारच्या रानात सोडायचे. शेजारी त्याची वाटच पाहत असे. पाणी पुढे देणे हा आमच्या घरी चांगुलपणा मानला जाई. माझी चूक तिथूनच आली.

वाफा काढला, उतार केला, पन्हळी लागल्या, चर भरला. राहिला होता शोषखड्डा. युसुफभाईंनी बजावले होते, "तुमची काळी माती पाणी पीत नाही, तोंडात धरून ठेवते. मुरूम लागेपर्यंत खाली जायचं. मुरूम लागला की मला फोन." त्या आठवड्यात चाचींच्या डोळ्याचे ऑपरेशन होते, म्हणून युसुफभाईंना येता येणार नव्हते. आम्ही साडेतीन फूट गेलो तरी काळी मातीच होती. आण्णांची कंबर धरली. आभाळ भरून आले होते. इतक्यात युसुफभाईंचाच फोन आला.

"मुरूम लागला?"

"लागत आलाय," मी म्हणाले.

"लागला की कळवा."

मी कळवले नाही. दुसऱ्या दिवशी मी त्या खड्ड्यात विटांचे तुकडे भरले. आणि खड्डा भरलाच तर उरलेले पाणी पुढे जावे म्हणून चराच्या शेवटी एक तोंड ठेवले, रानात ठेवतात तसे. पुढे पारूकाकींचे परसू होते. पारूकाकी म्हणजे आण्णांच्या चुलतभावाची बायको. त्यांना मी काही विचारले नाही.

जूनमध्ये तीन दिवस पाऊस लागून राहिला. आमचे अंगण कोरडे होते. आण्णा दर तासाला मागच्या भिंतीला तळवा लावून पाहत होते. तिसऱ्या दिवशी सकाळी युसुफभाईंचा फोन आला.

"कसं आहे?"

"कोरडं आहे, चाचा!"

"आणि पोचवून आलात?"

मी छत्री घेऊन निघाले. खड्डा काठोकाठ भरला होता. चराच्या तोंडातून पाणी धो-धो वाहत होते आणि वीस पावलांवर पारूकाकींच्या मागच्या खोलीच्या भिंतीशी त्याचे तळे झाले होते. ती भिंतही आमच्यासारखीच मातीतली. काकी दारात उभ्या होत्या. आत जमिनीवर ज्वारीची पोती होती आणि त्यातले एक खालून हातभर काळे पडले होते.

"ये सुमन," त्या म्हणाल्या. "तुमचं पाणी आलंय बघ सकाळधरनं. बसाया पाट देऊ का त्याला?"

मी युसुफभाईंना फोन केला आणि दिसले ते सांगितले. त्यांनी ऐकून घेतले. "आधी तोंड बंद करा. चराचं. मी येतो."

दीड तासाने ते आले. डोक्यावर प्लास्टिकची खोळ होती आणि विजार गुडघ्यापर्यंत भिजलेली. आण्णांनी तोवर चराचे तोंड मातीच्या पोत्यांनी बुजवले होते. युसुफभाईंनी कोणालाही काही विचारले नाही. ज्वारीची पोती फळ्यांवर चढवली, काकींच्या भिंतीपासून दूर एक उथळ चारी पाडली आणि साचलेले पाणी पलीकडच्या पडीक रानात उतरवले. भिंतीवरून हात फिरवून पाहिला. मग ते काकींसमोर जाऊन उभे राहिले.

"वहिनी, काम माझं आहे. खड्डा न बघता मी पाऊस येऊ दिला. चूक माझी."

पावसाला कोणी थांबवू शकत नाही, हे काकींनाही ठाऊक होते. मी तिथेच होते. मी गप्प राहिले असते तर कोणी मला काही विचारले नसते. पण युसुफभाई माझ्याकडे पाहतही नव्हते, आणि तेच मला सहन होईना.

"काकी, मुरूम लागला नव्हता," मी म्हणाले. "चाचांनी विचारलं होतं. मी लागत आलाय म्हणाले. आणि ते तोंड मीच तुमच्याकडं काढलं."

पारूकाकींनी आळीपाळीने आमच्या दोघांकडे पाहिले. "आता चूक दोघात वाटून घ्या सावकाश. पर आधी माझ्या खोलीतलं पाणी उपसा. माझ्याच्यानं वाकणं होत न्हाई."

आम्ही पाणी उपसले. युसुफभाईंना बसथांब्यापर्यंत सोडायला मी गेले तेव्हा मला वाटले, आता ते बोलतील. थांब्यावर पोचल्यावर ते म्हणाले, "आण्णांनी तुला शिकवलं ते खोटं नाही, बेटा. पाणी पुढं द्यायचंच असतं. फक्त पुढच्याला विचारून." त्या दिवशी त्यांनी मला पहिल्यांदा इंजिनीअर म्हटले नाही. मग ते पुढे म्हणाले, "मी विशीत होतो. आमच्याच आळीत एका घराला पन्हळ लावली. अब्बांनी विचारलं, खालचा जोड बसला का? मी म्हणालो, बसत आलाय. दोन महिन्यांत शेजाऱ्याच्या भिंतीला हात जाईल एवढं भोक पडलं. अब्बा त्या शेजाऱ्यापुढं जाऊन म्हणाले, काम माझं आहे."

"मग आपण काय केलंत?"

"मी गप्प बसलो. तू बसली नाहीस." बस आली आणि ते चढले.

जुलैत चार दिवस उघडीप मिळाली तेव्हा आम्ही सगळे विटांचे तुकडे बाहेर काढून खड्डा पुन्हा खणला. युसुफभाई रोज येत होते. पहार एकदम वेगळी वाजली आणि पिवळसर मुरूम वर आला. आण्णांच्या मते साडेपाच फुटांना, पारूकाकींच्या मते सहा फुटांना. मी त्या वेळी मोजले नव्हते, म्हणून दोन्ही लिहिते. युसुफभाईंनी आठ-दहा बादल्या पाणी आत ओतायला लावले, काठावर काठीने खूण केली आणि चहा मागवला. चहा संपेपर्यंत पाणी वीतभर खाली गेले होते. चराचे तोंड आण्णांनी विटा-सिमेंटने कायमचे बुजवले. काकींच्या छपरालाही त्याच आठवड्यात पन्हळ लागली, आमच्याच फुटक्या पाईपच्या दुसऱ्या अर्ध्याची, आणि तिचे पाणी काकींना विचारून त्याच खड्ड्यात घेतले. पुढच्या मोठ्या पावसात मी आणि युसुफभाई दोघेही त्या पाण्याबरोबर चाललो. फार चालावे लागले नाही. ते खड्ड्यात उतरले आणि तिथेच संपले.

गणपतीच्या आधी पारूकाकी आमच्या दारात येऊन म्हणाल्या, "एक पोतं ज्वारी परत न्या. तुझ्या आण्णांनी बी दिलं आन् तुझ्या त्या चाचांनी बी पाठवलं. भिजलं होतं एक. मी काय दुकान टाकू व्हय?" आण्णांनी दिलेले आम्हाला माहीत होते. युसुफभाईंनी पाठवलेले कोणालाच माहीत नव्हते. मी चाचींना विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "मलाही आत्ताच कळतंय." मग आतल्या खोलीकडे बघून मोठ्याने म्हणाल्या, "आणि घरात तांदूळ संपलेत ते कुणी सांगायचं?"

दिवाळीनंतर बिल्डरचा माणूस आला. आण्णांनी त्याला घरात बसवले, चहा दिला आणि मागच्या भिंतीजवळ नेऊन ती भेग दाखवली. भेगेवर जूनमध्ये लावलेली काचेची पट्टी तशीच अखंड होती. काच तडकली तर भिंत हलते आहे असे समजायचे, हेही युसुफभाईंनीच सांगितलेले. "घर कोरडं हाय," आण्णा म्हणाले. "आता कशापायी जायचं?" शेवगा आता पत्र्याच्या वर गेला आहे. दर वर्षी त्याच्या पहिल्या शेंगा कसबा पेठेत जातात. न्यायला उशीर झाला तर चाचींचा फोन येतो.

त्यानंतर मी युसुफभाईंबरोबर काम करू लागले. पातळी घेणे, नकाशा काढणे आणि लोकांना लिहून देणे माझ्याकडे असते, बाकी सारे त्यांच्याकडे. कधी लोक आमच्याकडे पाहून गोंधळतात, की यातले इंजिनीअर कोण. युसुफभाई माझ्याकडे बोट दाखवतात आणि मी त्यांच्याकडे. सहा वर्षांत त्यांनी माझी चूक कोणासमोर काढली नाही. पण एखाद्या कामावर मी "होत आलंय" म्हणाले, की ते मोगरी थांबवून माझ्याकडे बघतात. तेवढे पुरते. मी जाऊन पुन्हा पाहून येते.

हा लेख लिहिण्याआधी मी त्यांच्याकडे जाऊन विचारले, की मांजरीचा प्रसंग लिहू का. त्यात त्यांच्या विशीतली गोष्टही येते, आणि गौरवग्रंथात ती शोभेल की नाही याची मला काळजी होती. ते म्हणाले, "लिहा. फक्त मुरूम किती फुटांवर लागला ते बरोबर लिहा." मी अडचण सांगितली. "मग दोन्ही लिहा. आणि मोजलं नव्हतं हेही लिहा."

गेल्या पावसाळ्यापासून त्यांचे गुडघे त्यांना साथ देत नाहीत. दुकानाच्या दारात खुर्ची टाकून ते बसतात आणि पोचवायला आता मी एकटी जाते. मागच्या भादव्यात मी एका वस्तीतून चिंब भिजून दुकानात परतले, तेव्हा त्यांनी टॉवेल पुढे केला आणि विचारले, "कुठपर्यंत?"

"ओढ्यापर्यंत."

"वाटेत कुणाच्या दारात थांबलं?"

"नाही."

"विचारलंत, का वाटलं?"

"विचारलं. सहाच्या सहा घरी."

"मग बसा," ते म्हणाले आणि आत चहा सांगितला.

मला आशीर्वादाचे मोठे शब्द येत नाहीत आणि युसुफभाईंना ते चालणारही नाहीत. त्यांचे गुडघे बरे व्हावेत, चाचींचा डोळा असाच स्वच्छ राहावा, आणि दोघांनाही पुष्कळ निरोगी वर्षे लाभावीत, एवढे मनापासून मागते. आणखी एक मागणे माझे स्वतःचे आहे. पाऊस मोठा झाला की मी छत्री घेऊन निघेन, पाण्याबरोबर शेवटपर्यंत चालेन आणि भिजून परत येईन. त्या प्रत्येक वेळी दुकानाच्या दारातल्या खुर्चीवर ते असावेत, आणि त्यांनी मला विचारावे, "कुठपर्यंत?"